चर्चेची जागा आणि बाहेर पडण्याची वाट

एखादी शिक्षक संघटना किंवा माजी विद्यार्थी संघ सभासदांच्या चर्चेसाठी इंटरनेटवर जागा उभारावयाचे ठरवितो, तेव्हा पहिला प्रश्न निघतो तो 'फुकट कोणते?' हा. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने काटकसर करावी हे रास्तच. तथापि एक व्यवस्था सोडून दुसरीकडे जाण्याचा खर्च या फुकटाच्या हिशेबात कोठेच धरलेला नसतो.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये मिटले. याहू ग्रुप्सने २०१९ च्या अखेरीस गटांचा जुना संग्रह काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाच थांबली. यात कोणी कोणाला फसविले असे नाही. मुदतीही दिल्या गेल्या होत्या. परंतु जागा त्यांची होती, किल्लीही त्यांचीच.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडले की, असमाधानी सभासदापुढे तक्रार करणे किंवा निघून जाणे असे दोन मार्ग असतात. आणि निघून जाणे शक्य असले, तरच तक्रारीला वजन येते. सॉफ्टवेअरची निवड करताना हीच कसोटी लावावयास हवी. २००० साली सुरू झालेले पीएचपीबीबी किंवा नंतरचे डिस्कोर्स ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ती भाड्याच्या सर्व्हरवर चालविता येतात आणि सगळ्या मजकुराची प्रत संस्थेला स्वतःकडे ठेवता येते.

अर्थात मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे. सर्व्हरचे भाडे आहे, सुरक्षिततेच्या सुधारणा वेळोवेळी बसवाव्या लागतात, घुसखोर जाहिराती उपटून काढणारा माणूस लागतो. आपल्याकडे हे सारे एखाद्या उत्साही तरुणाच्या गळ्यात पडते; त्याची बदली झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर बदलीच्या गावी जातो! पासवर्ड कार्यकारिणीच्या दप्तरी असावा, एवढा साधा ठरावही बहुधा झालेला नसतो.

मराठीपुरता आणखी एक मुद्दा आहे, आणि विक्रेते तो सहसा काढीत नाहीत. पीएचपीबीबीमध्ये युनिकोडची पूर्ण सोय २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. आज ती सर्वत्र असते, पण शोधाची अडचण उरतेच. 'रजा' हा शब्द शोधला असता साध्या शोधयंत्रणेला 'रजेचा अर्ज' सापडत नाही, कारण आपल्या विभक्तीत मूळ शब्दाचे रूपच पालटते. १ नोव्हेंबर २००५ च्या आगेमागे नेमणूक झालेल्या शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न दर वर्षी कोणीतरी नव्याने विचारतो. जुने उत्तर हाती लागत नसेल, तर ते जपून ठेवल्याचा लाभ तो काय?

तेव्हा निवडीपूर्वी शंभरेक मराठी पत्रे घालून पाहावीत, त्यांतील एक शोधावे, सगळ्यांची प्रत उतरवून ती दुसऱ्या संगणकावर उघडावी. एका रविवारचे काम आहे.