खोक्यावरचे आठ कोअर आणि आतली खरी ताकद

‘ऑक्टा-कोअर’ हा शब्द टॅबलेटच्या जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं.

२०२३मध्ये आलेले रेडमी पॅड एसई आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचा पडदा ११ इंची, १९२० बाय १२०० पिक्सेलचा, ९० हर्ट्झचा. कोअरही आठच. पण रेडमीतल्या स्नॅपड्रॅगन ६८० या चिपचे चार दमदार कोअर ए७३ या २०१६च्या रचनेचे, तर सॅमसंगच्या स्नॅपड्रॅगन ६९५मधले दोन मोठे कोअर ए७८चे, म्हणजे २०२०चे. ग्राफिक्सही सरस. लुडो किंवा कँडी क्रश खेळणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पण बीजीएमआयसारख्या जड गेममध्ये एकदम चार गाड्या समोर आल्या, की लगेच कळतो.

पडद्याचाही मोह आवरावा. वनप्लस पॅड गोचा २४०८ बाय १७२० पिक्सेलचा पडदा सिनेमाला झकास, पण त्यात सुमारे ४१ लाख पिक्सेल. वरच्या दोघांत २३ लाख. गेम पूर्ण रेझोल्यूशनवर चालवला, तर एवढा भार हेलिओ जी९९ या मधल्या फळीतल्या चिपने उचलायचा!

रॅम ४ जीबी असेल तर फोन, मेसेज बघून परत येईपर्यंत गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याची शक्यता जास्त. त्यामुळे ६ किंवा ८ जीबीच घ्यावी. मेमरी कार्डावर फोटो खुशाल ठेवावेत, गेमसाठी मात्र आतली १२८ जीबी जागा हवी.