रोज लिहायचं, पण किती? आणि खाडा पडला तर?

पीएचडीला नाव नोंदवलं की पहिला सल्ला मिळतो, "रोज थोडं तरी लिहीत जा." ऐकायला सोपा आहे. पण रोज म्हणजे घरात लग्न असलं तरी? ताप असला तरी? शेतात कापूस वेचणीला आला असला तरी? आणि थोडं म्हणजे नेमकं किती? या प्रश्नांवर प्रत्यक्ष अभ्यास झालेले आहेत. त्यांत काय सापडलं, ते आज बघू.

आधी हा प्रश्न हलका का नाही, ते सांगतो. 2017 मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या 3,659 पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. केटिया लेव्हेक आणि सहकाऱ्यांना दिसलं, की साधारण 32 टक्के विद्यार्थ्यांना मानसिक आजाराचा धोका आहे. तेवढ्याच शिकलेल्या इतर लोकांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त होतं. म्हणजे लिखाणाचं वेळापत्रक आखताना तब्येतीचा विचार सुरुवातीपासूनच करावा लागतो.

रोज लिहिण्याच्या बाजूने पुरावा

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी 1983 मध्ये प्राध्यापकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन गट केले. पहिल्याला सांगितलं, अगदी गरज असल्याशिवाय लिहू नका. दुसऱ्याला सांगितलं, मन होईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला ठरल्या वेळी लिहायचंच होतं. नाही लिहिलं तर त्यांच्या खिशातले पैसे त्यांना न आवडणाऱ्या संस्थेला जाणार! निकाल असा: पहिला गट दिवसाला सरासरी 0.2 पान, दुसरा 0.9 आणि तिसरा 3.2 पानं.

गंमत पुढे आहे. नवीन कल्पनाही तिसऱ्या गटालाच जास्त सुचल्या. म्हणजे "सुचलं की लिहू" हे उलटं आहे. लिहायला बसलं की सुचतं.

बॉइस यांनी 1997 मध्ये आणखी एक गोष्ट तपासली. काही लोक आठवडेच्या आठवडे काही लिहीत नाहीत आणि मग रात्र रात्र जागून एकदम लिहितात. अशांचं एकूण लिखाण बेतानं, नियमित लिहिणाऱ्यांपेक्षा कमी भरलं आणि नैराश्याच्या चाचणीत त्यांचे गुण जास्त आले. आता एक लक्षात ठेवा: या अभ्यासात माणसं मोजकीच होती आणि कशामुळे काय झालं हे त्यातून पक्कं ठरत नाही. निराश माणूसही लिखाण पुढे ढकलतोच. पण दिशा कळते.

मग खाडा पडला तर?

इथेच बरेच जण खचतात. चार दिवस गेले की "आता आपल्याच्यानं होत नाही" असं वाटायला लागतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 2010 मध्ये सवयींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना 18 ते 254 दिवस लागले. मधला आकडा 66. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास खाणं, पिणं, व्यायाम अशा साध्या सवयींचा होता, लिखाणाचा नाही. तरी एका खाड्यानं सगळं मोडतं ही भीती मात्र त्यातून कमी होते.

हेलन स्वॉर्ड यांनी तर शेकडो अभ्यासकांना त्यांच्या लिखाणाच्या सवयी विचारल्या. भरपूर लिहिणारे अनेक जण रोज लिहीतच नव्हते, असं त्यांना आढळलं.

आपल्याकडची उदाहरणं

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात खंडाखंडाने निघाला. एकूण पानं साधारण साडेसहा हजार. एवढ्या वर्षांत विभागली तर दिवसाला जेमतेम अर्धं पान! विनोबांनी 'गीताई' 7 ऑक्टोबर 1930 ला सुरू केली आणि 6 फेब्रुवारी 1931 ला संपवली. 700 श्लोक, 123 दिवस. म्हणजे सरासरी दिवसाला सहाच्या आत. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली ती फक्त रविवारी, 18 रविवारी 18 अध्याय. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. आणि त्याच साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली.

म्हणजे रोज, आठवड्यातून एकदा, एका दमात, तिन्ही तऱ्हांनी कामं झाली. पण पाच दिवसांत आली ती मनात आयुष्यभर साठलेली गोष्ट होती. संदर्भ, तक्ते, तळटीपा असलेला प्रबंध तसा येत नाही. त्याचा हिशोब काण्यांच्या अर्ध्या पानासारखा धरावा लागतो.

मोताळ्याच्या वर्षात हे कसं बसवायचं?

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहून, अमरावती विद्यापीठात नोंदणी करून, तासिका तत्त्वावर शिकवत प्रबंध लिहिणाऱ्याचं वर्ष सपाट नसतं. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, दिवाळीच्या आगेमागे कापूस, मग लग्नसराई, मे महिन्यात दुपारी टेबलाशी बसवत नाही एवढं ऊन. वर्षाचे 365 दिवस धरून आखलेलं वेळापत्रक पहिल्याच पावसात मोडतं.

म्हणून असं करून बघा:

1. वर्षाला 200 दिवस धरा. दिवसाला अर्धं पान म्हणजे 100 पानं, तीन वर्षांत 300. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. दुरुस्त्यांनाही वेळ उरतो.
2. सुरू करायची वेळ ठरवता तशी थांबायचीही ठरवा. तासभर झाला की वही बंद, हात चालत असला तरी. उद्या कुठून उचलायचं ते एका ओळीत लिहून ठेवा.
3. कामाच्या हंगामात लिखाण लहान करा. संदर्भसूचीतल्या दोन नोंदी नीट केल्या तरी तो दिवस भरला.
4. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहायला जाऊ नका. तिथूनच रात्र जागायची सवय लागते.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, काही केल्या मन लागेना असं दोन आठवडे चाललं, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. पैसे लागत नाहीत. प्रबंधाचं प्रकरण महिनाभर थांबलं तरी चालतं.