महिला 'दीन' कशाला?

आठ मार्च जवळ आला की आमच्या नागपुरात बर्डीपासून महालापर्यंत फलक लागतात. त्यातल्या एखाद्यावर हमखास लिहिलेलं असतं, 'जागतिक महिला दीनाच्या हार्दिक शुभेच्छा!' दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बिचारी, लाचार. शुभेच्छा द्यायला निघालेल्या मंडळींनी एका वेलांटीत आपल्याला बिचारं करून टाकलं की हो!

"जाऊ द्या ना ताई, समजून तर राहिलं ना सगळ्यांना," शेजारच्या वहिनी म्हणतात. समजतं, हे खरंच. आणि मला तर फलक लिहिणाऱ्याचीही बाजू घ्यावीशी वाटते. वीट, चूल, सून, मूल या शब्दांत वेलांटी-उकार दीर्घच असतो. मग दिन का नाही? तर तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय. गुण, विष, दिन हे तिकडचे, म्हणून ऱ्हस्व. आता शब्द तिकडचा की इकडचा, हे पोळ्या लाटता लाटता कोण ठरवत बसणार? शिवाय सून दीर्घ, पण 'सुनेला' म्हटलं की ऱ्हस्व. (सासरी आली की आखडते ती अशी, असं आमच्या आत्या म्हणायच्या.)

हे नियम काही आभाळातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली 14 नियम केले, 1972 मध्ये आणखी 4 जोडले. 1923 साली स्थापन झालेला आपला विदर्भ साहित्य संघही याच महामंडळाचा घटक. आजीची जुनी पत्रं काढून बघा, 'घरांत', 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार सापडतील. तेव्हा ते शुद्ध होते, आज नाहीत. म्हणजे हा सगळ्यांनी मिळून केलेला एक करार आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इथली मुलगी पुण्याला होस्टेलवर जाते, सहज 'मी जेवून राहिली' म्हणते आणि खोलीतल्या मुली हसतात. काय तर म्हणे, अशुद्ध बोलते! अगं, ती आमची बोली आहे. महामंडळाच्या नियमांनीसुद्धा गोष्टीतल्या पात्राच्या तोंडी बोलीतली रूपं चालवून घेतली आहेत. शुद्धलेखन लेखनापुरतं, हे त्या शब्दातच नाही का? त्याची छडी करून पोरींना गप्प बसवायचं काही कारण नाही.

कागदाचं मात्र तसं नाही. बोलताना माणूस समोर असतो, 'काय म्हणालीस?' असं विचारता येतं. कागद एकटाच या टेबलावरून त्या टेबलावर जातो. आमच्या ओळखीतल्या एका मावशींचं नाव रेशन कार्डावर 'सुनिता', आधारवर 'सुनीता', आणि बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, एक 'आय' ऐवजी दोन 'ई'. खात्याचं काम अडलं. मग स्टॅम्प पेपर, प्रतिज्ञापत्र, 'दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे', भर उन्हात तीन चकरा. कॉम्प्युटरला 'समजून राहिलं' हा प्रकार ठाऊक नाही. त्याला अक्षराला अक्षर जुळलेलं लागतं.

यापुढे तर आपलं नाव जास्तच ठिकाणी लागणार आहे. 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत राज्य सरकारने आईचं नाव बंधनकारक केलंय. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. इतक्या वर्षांनी नाव लागलं, आणि तेही चुकीच्या वेलांटीने? ते मूल शाळेत जाईल, पासपोर्ट काढेल, तेव्हा 'संगीता' आणि 'संगिता' एकच, हे पुन्हा तुम्हालाच पटवत बसावं लागेल.

तेव्हा मैत्रिणींनो, बाळाचा जन्मदाखला हातात आला की घाईने पिशवीत टाकू नका. खिडकीसमोरच उभं राहून आपलं नाव आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, आधार कार्ड शेजारी धरून वाचा. मागचा माणूस "चला ना बाई लवकर" म्हणेल. म्हणू द्या.