दुभंगलेला ओंठ आणि आईचा भार

संसारांत अपत्यजन्मासारखा आनंदाचा प्रसंग दुसरा नाहीं. परंतु ओंठ किंवा टाळू दुभंगलेलें मूल ज्या घरीं जन्मास येतें, तेथें पेढ्यांऐवजीं कुजबूज सुरू होते आणि तिचा सारा रोख बाळंतिणीकडे असतो. “ग्रहणांत विळी हातीं धरली असेल,” असें कोणीतरी म्हणतें, आणि नऊ महिने पोटांत वागविलेल्या लेकराकडे आनंदानें पाहण्याचा त्या माउलीचा हक्कच हिरावला जातो. सुमारें ७०० ते १००० जन्मांमागें एक मूल असें जन्मतें. हा प्रसंग कोणाही कुटुंबावर येण्यासारखा असल्यामुळें त्याचा शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

प्रथम दोषाविषयीं. गर्भाचा ओंठ चौथ्या ते सातव्या आठवड्यांत आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यांत सांधली जाते. यांतील पुष्कळसा काळ असा असतो, कीं तेव्हां दिवस गेल्याची स्त्रीला स्वतःलाच पुरती खात्री नसते. हा सांधा अपुरा राहण्यास आनुवंशिकता, तंबाखू, मधुमेह, अपस्माराचीं कांहीं औषधें अशीं कारणें असूं शकतात. पुष्कळदां एकही निश्चित कारण सांपडत नाहीं. ग्रहणाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. शास्त्राचा आधार हवा असणारांनीं वाग्भटाचा अष्टांगहृदय ग्रंथ पाहावा. त्यांत ‘खण्डौष्ठ’ या नांवानें दुभंगलेल्या ओंठाचा विचार आला आहे, वातदोष हें त्याचें कारण दिलें आहे, आणि कडा खरवडून ओंठ शिवावा असा उपचार सांगितला आहे. आमच्या पूर्वीच्या वैद्यांना सुईदोरा सुचला. आम्हांस मात्र अजून विळीच आठवते!

आतां आईच्या खऱ्या कष्टांकडे वळूं. केवळ ओंठ दुभंगलेला असल्यास मूल बहुधा अंगावर पिऊं शकतें. टाळू उघडी असल्यास मात्र दूध ओढतां येत नाहीं. मूल चोखतें, दमतें आणि उपाशीच राहतें. घेतलेलें दूधही नाकांतून परत येतें. आपल्यालाच दूध कमी आहे, असें आईला वाटूं लागतें. हा समज खोटा आहे. दूध असतें; तें ओढण्याची शक्ति मुलांत नसते. अशा वेळीं दूध काढून, उकळत्या पाण्यांत स्वच्छ केलेल्या बोंडल्यानें किंवा चमच्यानें पाजावें. ही रीत आरंभीं जाणत्या परिचारिकेकडून शिकून घ्यावी. मुलास आडवें न ठेवितां जवळजवळ बसतें धरावें, दूध गालाच्या बाजूनें थोडें थोडें सोडावें, आणि पहिला घोट गिळल्यावांचून दुसरा देऊं नये. अशीं मुलें वारा फार गिळतात, म्हणून मधून मधून खांद्यावर घेऊन ढेंकर काढावा. मूल गुदमरूं लागलें किंवा निळें पडलें, तर पाजणें थांबवून तत्काळ डॉक्टर गांठावा. आठवड्यास एकदां वजन करावें.

भगिनींनो, हिशेब करून पाहा. तान्ह्या मुलास दिवसरात्र मिळून निदान आठ वेळां पाजावें लागतें. एका वेळेस अर्धा तास म्हटला, तरी चार तास पाजण्यांतच जातात. दूध काढणें आणि भांडीं उकळणें निराळेंच. हें सर्व एकटीनें, रात्रीं जागून आणि दिवसा टोमणे ऐकून करावयाचें! एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथें आहे. दूध आईचें हवें. बोंडलें धरणारा हात कोणाचाही चालतो. पहाटेची पाळी सासूबाईंनीं घ्यावी, दुपारची जावेनें किंवा नणंदेनें, आणि रात्रींची खुद्द मुलाच्या वडिलांनीं. बापानें आपलें मूल पाजलें, तर त्यांत कमीपणा कोणता?

ओंठाची शस्त्रक्रिया साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत आणि टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्यांच्या दरम्यान करितात. शस्त्रवैद्यांचा एक जुना ठोकताळा असा आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड आणि रक्तांत हिमोग्लोबिन दहा ग्रॅम. म्हणजे शस्त्रक्रियेची पहिली तयारी घरच्या बोंडल्यानेंच होते. खर्चाच्या भीतीनें थांबूं नये. २०१३ सालीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत या शस्त्रक्रियेची मोफत सोय आहे. सरकारी रुग्णालयांत चौकशी करावी.

टाळू शिवली म्हणजे सारें संपलें, असें मात्र नाहीं. उच्चार कांहीं काळ नाकांतून येतात, कानांत पाणी सांठून ऐकूं कमी येतें, दांत वेडेवांकडे येतात. म्हणून श्रवणाची तपासणी, वाणीचे उपचार आणि दंतवैद्याची मदत कित्येक वर्षें घ्यावी लागते. उच्चार अस्पष्ट असल्यावरून बुद्धि मंद ठरवूं नये, आणि इतर मुलांबरोबर त्याला शाळेंत घालावें.

अशा मुलाचें बारसें लपूनछपून न करितां रीतीप्रमाणें करावें, त्याचें छायाचित्र घ्यावें, आल्यागेल्यासमोर त्याला बाहेर आणावें. आणि त्याच्या आईला “तूं काय केलेंस?” असें न विचारतां, “आजची कोणती पाळी मीं घ्यावी?” असें घरांतील प्रत्येकानें विचारावें.