कापसाच्या गाठींसाठी बांधलेले स्टेशन

आखाडा बाळापूरच्या बस स्टँडवर उभे राहून रेल्वेची गोष्ट सांगायची म्हणजे जरा गंमतच. आपल्या गावाला रूळ नाहीत. निजामाच्या राज्यात १९१२ साली पूर्णा ते हिंगोली मीटरगेज लाईन झाली, पण ती वसमतवरून गेली आणि बाळापूर बाजूलाच राहिले. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा मार्ग पुसद, उमरखेड, हदगावकडून येतो आहे. तो येण्याआधी पैनगंगेपलीकडच्या एका जुन्या स्टेशनाची हकीकत ऐकून ठेवा.

ते स्टेशन यवतमाळचे. भुसावळ-नागपूर ही मोठी लाईन १८६७ साली पुरी झाली, पण यवतमाळचा काळ्या रानातला कापूस तिच्यापासून दूरच. तो बैलगाडीने न्यावा लागे. म्हणून किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटरचा अडीच फुटी रूळ टाकला. वाटेत दारव्हा, कारंजा. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूरला ७६ किलोमीटर. हीच लोकांची लाडकी 'शकुंतला'. कापूस मुंबईला, तिथून बोटीने मँचेस्टरला.

आता हिशेब बघा. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण चौतीस किलो, बाकी सरकी. सरकीसकट कापूस लांब नेणे परवडत नाही. म्हणून माल चढवण्याच्या ठिकाणाजवळच जिनिंग-प्रेसिंग लागते. रुई दाबून गाठ बांधली की तेवढ्याच डब्यात कितीतरी जास्त माल बसतो. म्हणजे स्टेशन बांधले ते गाठींसाठी. माणसे बसली ती वरकड.

अडचण होती मूर्तिजापूरला. तिथे छोटा रूळ संपतो आणि मोठा सुरू होतो. प्रत्येक गाठ हमालांनी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायची. दुप्पट हमाली, वेळ वेगळाच. पुढे डांबरी रस्ते झाले, ट्रक थेट प्रेसच्या दारात लागू लागला. मग ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या गाडीची वाट कोण बघणार? गाठी गेल्या, उरले ते स्वस्त तिकिटावर बाजाराला जाणारे गरीब लोक. त्यांच्या तिकिटावर रूळ दुरुस्त होत नाहीत. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र कंपनीच्या नावावरच राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिने वापरले, यातच काय ते समजा! नंतर डिझेल इंजिन आले, पण गाडी काही टिकली नाही. यवतमाळच्या त्या फलाटावर आता ती लागत नाही.

मला वाईट वाटते ते इंजिनाचे नाही. जिल्ह्याच्या गावाचे स्टेशन गेले आणि मोठी लाईन यायला वर्षानुवर्षे लागली, याचे वाटते. नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एवढेच सांगणे. जमीन मोजणीला माणसे आली की मोबदल्याचा दर आपण विचारतोच. त्याच बैठकीत मालधक्क्याचेही विचारा. कोणत्या स्टेशनाला तो मिळणार, गोदामाला जागा ठेवली आहे का, आणि भर पावसात हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर तिथवर पोचेल असा रस्ता कोण करणार, हे लेखी मागून घ्या.