एका दिवसाचं अंतर, पंच्याहत्तर गुणांचा फरक

जर्मनीत तुमची मुलं शाळेत जात असतील, तर उन्हाळी सुट्टीच्या आधीचा तो दिवस तुमच्या ओळखीचा असेल. दप्तराऐवजी पाण्याची बाटली, टोपी, डब्यात कापलेलं सफरचंद आणि शाळेऐवजी थेट मैदान. बुंडेसयुगेंडश्पीले! १९५१ पासून चालत आलेला हा शालेय क्रीडादिन. धावणं, उडी, फेक आणि लांब पल्ल्याची धाव यांपैकी सर्वांत चांगल्या तीन प्रकारांचे गुण मिळवायचे आणि त्यावर प्रमाणपत्र ठरतं. सर्वांत वरचं एरेनउर्कुंडे, त्यावर राष्ट्राध्यक्षांची छापील सही. त्याखालचं झीगरउर्कुंडे. बाकीच्यांना 'भाग घेतला' एवढंच सांगणारा कागद. तो कागद घेऊन घरी आलेलं मूल कसं दिसतं, हे आमच्या घरात पाहून झालंय.

आमच्या मुलाचा वाढदिवस डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. म्हणून मी एकदा गुणांचं कोष्टक नीट वाचलं आणि थोडी चक्रावले.

या स्पर्धेत वय म्हणजे स्पर्धेचं वर्ष वजा जन्मवर्ष. महिना, दिवस काही नाही. आता नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमधली, २०२६ च्या उन्हाळ्यातली पाचवीची एक तुकडी घ्या. या राज्यात शाळाप्रवेशाची सीमारेषा ३० सप्टेंबर. म्हणजे वर्गात साधारण ऑक्टोबर २०१४ ते सप्टेंबर २०१५ मध्ये जन्मलेली मुलं. एक मुलगा ३१ डिसेंबर २०१४ चा, त्याच्या शेजारी बसणारा १ जानेवारी २०१५ चा. वयात फरक एका दिवसाचा. पण कोष्टकाच्या हिशेबात पहिला १२ वर्षांचा आणि दुसरा ११ वर्षांचा. झीगरउर्कुंडेसाठी ११ वर्षांच्या मुलाला ६७५ गुण लागतात, १२ वर्षांच्याला ७५०. दोघं अगदी सारखंच धावले, तरी एकाला प्रमाणपत्र आणि दुसऱ्याला तो कागद.

यात कुणाची लबाडी नाही. रेषा कुठेतरी ओढावीच लागते, आणि जन्मवर्ष हे तपासायला सर्वांत सोपं. 'युगेंड ट्रेनियर्ट फ्युअर ओलिम्पिया' ही १९६९ मध्ये सुरू झालेली आंतरशालेय स्पर्धाही जन्मवर्षांवरच चालते. तिथे दोन-तीन वर्षांचा एक गट करतात आणि सर्वोत्तम शाळांचे संघ अंतिम फेरीला बर्लिनला जातात. अमेरिकेत शाळेच्या पटसंख्येवरून गट पाडतात, म्हणजे दोनशे मुलांच्या शाळेची दोन हजारांच्या शाळेशी गाठ पडत नाही. इथे तसं नाही. साध्या गावातल्या शाळेसमोर खास खेळासाठी चालवलेली, वसतिगृह आणि पूर्णवेळ प्रशिक्षक असलेली शाळा उभी ठाकू शकते. (यावर क्रीडाशिक्षकांशी बोलून पाहा, अर्धा तास सहज जातो.)

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो जन्ममहिन्याचाच प्रश्न. जानेवारीत जन्मलेला आठ वर्षांचा मुलगा त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ बारा टक्के जास्त जगलेला असतो. तो उंच असतो, वेगवान असतो. प्रशिक्षकाला वाटतं, हा गुणी आहे. मग त्याला चांगला संघ मिळतो, जास्त सराव, जास्त सामने, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळायला लागतो. दुसरा बाकावर बसून कंटाळतो आणि सोडून देतो. याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. १९८० च्या दशकात कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखांमध्ये तो प्रथम ठळकपणे दिसला. १९९९ मध्ये योखेन मुश आणि रॉय हे यांनी जर्मनी, ब्राझील, जपान आणि ऑस्ट्रेलिया इथल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचे जन्ममहिने तपासले. चारही देशांत गटाच्या सुरुवातीच्या महिन्यांतले खेळाडू जास्त. ऑस्ट्रेलियात तर मध्ये सीमारेषेची तारीख बदलली होती, आणि तिच्यामागोमाग खेळाडूंचे जन्ममहिनेही सरकले. म्हणजे हा ऋतूचा किंवा राशीचा प्रभाव नव्हता, नोंदणी अर्जाचा होता!

वय दहा-बाराच्या पुढे गेलं की महिन्यांचा फरक मागे पडतो आणि दुसराच खेळ सुरू होतो. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या वर्षी. पण हे फक्त सरासरी. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढलं, तर तेरा वर्षांच्या दोन मुलांत चार-पाच वर्षांचं अंतर निघू शकतं. फुटबॉलच्या मैदानावर ६५ किलोचा आणि ४० किलोचा मुलगा सारख्याच वेगाने चेंडूकडे धावले, तर पहिल्याची गतिज ऊर्जा दीडपटीहून जास्त असते. इथे प्रश्न न्यायाचा राहत नाही, कॉलरबोनचा होतो.

आपल्याकडे यावरचा उपाय जुना आहे. कबड्डी खेळलेल्यांना आठवेल, किशोर आणि कुमार गटात वयाच्या दाखल्याबरोबर वजनकाट्यावरही उभं राहावं लागतं. किशोर गटाची मर्यादा ५५ किलो. सामन्याच्या आदल्या रात्री उपाशी झोपणारे गडी प्रत्येक तालमीत असायचे. जर्मनीत हाच विचार ज्युदोत दिसतो. लहान मुलांना ठरीव वजनगटांऐवजी जवळपासच्या वजनाच्या चार-पाच जणांच्या टोळक्यात लढवतात, म्हणजे वजन उतरवायचा मोहच राहत नाही. मला ही युक्ती फार आवडते.

फुटबॉलमध्ये आता आणखी एक कल्पना आली आहे: मुलांना वयाने नव्हे, तर वाढ किती पूर्ण झाली यावरून गटात टाकायचं. मुळात ती नवी नाही. न्यूयॉर्कच्या क्रॅम्प्टन यांनी १९०८ मध्येच शारीरिक वयाची बाजू मांडली होती. आज एक्स-रेची गरज पडत नाही. मुलाची उंची, वजन, वय आणि आईवडिलांची उंची यांवरून प्रौढपणी तो किती उंच होईल याचा अंदाज खामिस-रोश पद्धतीने बांधतात, आणि आजची उंची त्याच्या किती टक्के आहे ते पाहतात. दोन मुलं, दोघं १५८ सेंटिमीटर. एकाचा अंदाज १८० चा, तो ८८ टक्क्यांवर. दुसऱ्याचा १६८ चा, तो ९४ टक्क्यांवर. उंची सारखी, पण दुसऱ्याची वाढ बरीच पुढे गेलेली, स्नायू भरलेले.

इथे आपल्यासारख्या घरांनी जरा थांबावं. ही पद्धत अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या गोऱ्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेली आहे. तुमच्या मुलाला ती जशीच्या तशी लागू पडेल असं नाही. शिवाय आईवडील बुटके असतील, तर ठेंगणं पण लवकर वयात आलेलं मूल हिशेबाने 'मोठ्यांच्या' गटात जाऊन पडेल. न्याय कदाचित होईल, पण समोरचा अजून वीस किलो जड असेल. न्यायासाठी वाढीचा टप्पा पाहावा लागतो आणि सुरक्षिततेसाठी वजन, आणि ही दोन मापं नेहमी एकाच बाजूला बोट दाखवत नाहीत.

लहानांसाठी इथल्या फुटबॉल संघटनेने वेगळाच मार्ग काढला. २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत छोट्या गटात दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन असे छोट्या मैदानावर खेळ होतात, गुणतक्ता नसतो. बाकावर बसायला फारसं कुणी उरतच नाही. शाळांमध्येही २०२३-२४ पासून प्राथमिकच्या क्रीडादिनात ठरावीक गुणमर्यादा काढून टाकण्यात आली आणि त्यावर वर्तमानपत्रांतून 'मुलांना हरायला कधी शिकवणार?' असा गदारोळ झाला. हरायला शिकावंच, पण डिसेंबरात जन्मल्याबद्दल हरण्यातून मूल नेमकं काय शिकतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

घरी एक गोष्ट करता येते. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा, तारखेसकट. वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरची चाल अचानक आठ-दहावर गेली, तर प्रशिक्षकाला सांगा. त्या काळात हाडं आधी लांबतात आणि स्नायू-कंडरा मागून येतात, म्हणून गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतं आणि पाय अडखळतात. उड्या आणि जोरदार धावणं काही आठवडे कमी केलेलं बरं. दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. आमच्या चौकटीवरच्या शेवटच्या दोन खुणांत साडेतीन सेंटिमीटर आहेत.