धामणगाव नेमके कोणते? : संगणकातील मराठी दस्तऐवजांचा शोध

वऱ्हाडात एकाच नावाची गावे अनेक आहेत आणि ती वेगळी ओळखता यावीत म्हणून नावापुढे दुसरा शब्द जोडण्याची रीतही जुनी आहे. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे आणि धामणगाव गढी आहे, बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. चांदूर रेल्वेला चांदूर बाजारापासून आणि मंगरूळ दस्तगीरला मंगरूळ चव्हाळ्यापासून असाच एकेक शब्द वेगळे करतो. भुसावळकडून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोहोचला आणि त्या मार्गावरच्या गावांच्या नावांत ‘रेल्वे’ हा शब्द रुळला. टपाल, खरेदीखत किंवा मालाची बिल्टी योग्य गावी पोहोचते ती या एका शब्दामुळे. घरच्या संगणकात साठवलेला दस्तऐवज पुन्हा सापडण्याचे शास्त्रही याच तत्त्वावर उभे आहे. मात्र दस्तऐवज मराठीत असेल तर नावाच्या जोडीला अक्षरांमागच्या अदृश्य संकेतांचाही विचार करावा लागतो.

उघडणे म्हणजे काय

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक फाईल ही आकड्यांची एक लांबलचक ओळ असते आणि ती उघडणे म्हणजे त्या आकड्यांचा अर्थ लावू शकणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती ती सोपवणे. कोणता प्रोग्रॅम बोलवायचा हे विंडोज ही कार्यप्रणाली नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांवरून, म्हणजे एक्स्टेन्शनवरून, ठरवते. ही अक्षरे बदलल्याने आतील मजकूर बदलत नाही. पीडीएफ फाईलच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही रोमन अक्षरे असतात, ती नाव काहीही ठेवले तरी तशीच राहतात. त्यामुळे फाईल उघडत नसेल तर ती बिघडली असे लगेच न मानता योग्य प्रोग्रॅम संगणकात आहे की नाही, हे आधी पाहावे.

नाव ठेवण्याची शिस्त

विंडोज 95 येण्यापूर्वी फाईलच्या नावाला आठ आणि एक्स्टेन्शनला तीन अक्षरांची मर्यादा होती. त्यानंतर 255 अक्षरांपर्यंतची नावे शक्य झाली, तरीही ‘अर्ज’, ‘नवीन अर्ज’, ‘अर्ज शेवटचा’ अशी नावे ठेवण्याची सवय सुटलेली नाही. शेतकऱ्याच्या घरातला सर्वांत महत्त्वाचा कागद, म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र असलेला उतारा, कागदावर ‘7/12’ असा लिहिला जातो. परंतु विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, म्हणून तेथे ‘सातबारा’ असेच लिहावे लागते. ‘2024-06-15 सातबारा धामणगाव रेल्वे’ अशा नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आधी येते, त्यामुळे नावांची यादी आपोआप कालक्रमाने लागते, आणि पुढचे शब्द कागद कशाचा व कोठला हे सांगतात.

अक्षरांमागचे आकडे

मराठी दस्तऐवजांची खरी अडचण मजकुरात शोध घेताना जाणवते. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या बोटांना सोयीची असलेली कृतीदेवसारखी जुनी फॉन्ट-पद्धत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवत असे. त्या पद्धतीत लिहिलेला ‘काम’ हा शब्द संगणकाच्या लेखी डी, के, ई ही तीन रोमन अक्षरेच असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर संपूर्ण अर्ज निरर्थक रोमन मजकूर म्हणून उमटतो आणि ‘काम’ असे देवनागरीत शोधले तर काहीच सापडत नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक 1991 साली आले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावण्यासाठी आखलेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, जिच्यात देवनागरीसाठी 128 जागा राखून ठेवल्या होत्या. विंडोज 2000 पासून देवनागरीला कार्यप्रणालीतच आधार मिळाला आणि र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ फॉन्ट घरोघरी पोहोचला. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक 2325 आहे आणि फॉन्ट कोणताही असला तरी तो बदलत नाही, शोध शक्य होतो तो या स्थैर्यामुळे.

तरीही युनिकोडने सर्व प्रश्न मिटत नाहीत. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गाळले, पण ‘धामणगांव’ असे लिहिण्याची सवय टिकून राहिली. डोळ्यांना जो किरकोळ फरक वाटतो त्याने संगणकासाठी शब्दच बदलतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ यातील ‘ऱ्या’ स्वतंत्र ‘ऱ’ वापरूनही उमटतो आणि साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊनही उमटतो; ‘ॲ’ला 2008 साली स्वतंत्र क्रमांक मिळाला, तरी ‘अ’वर चंद्र ठेवूनही तो लिहिला जातो; आणि देवनागरी ‘७’ व रोमन ‘7’ यांचे क्रमांक वेगळेच आहेत. अक्षरशः तुलना करणाऱ्या शोधाला ही रूपे परस्परांपासून भिन्न वाटतात. अशा वेळी पूर्ण शब्दाऐवजी ‘धामणग’ किंवा ‘शेतक’ एवढाच, दोन्ही रूपांना समान असलेला भाग शोधणे हा साधा आणि उपयोगी उपाय ठरतो.

स्कॅन केलेल्या कागदाची स्थिती आणखी निराळी असते, कारण त्यात अक्षरे नसून अक्षरांचे चित्र असते. चित्रातून अक्षरे ओळखणारे, मराठीही जाणणारे प्रोग्रॅम आता उपलब्ध आहेत. परंतु जीर्ण कागद, हस्ताक्षर आणि मोडी लिपी यांपुढे त्यांच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही, म्हणून अशा फाईलला माणसानेच नेमके नाव देणे अपरिहार्य आहे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणतानाही मूळ प्रत जपावी आणि जोडाक्षरे व आकडे ताडून पाहावेत, कारण क्षेत्रफळातला एक चुकीचा अंक पुढे वादाचे कारण होऊ शकतो.

फेरफार, वाटणीपत्रे, पीककर्जाची कागदपत्रे आणि शाळेचे दाखले आता घराघरांतल्या संगणकांत साठत आहेत, आणि ते साठवणारा माणूस जवळ नसताना घरातील दुसऱ्या कोणाला तरी ते शोधावे लागणार आहेत. त्या माणसाला यंत्राच्या पोटातले आकडे दिसणार नाहीत, दिसेल ते केवळ नाव. म्हणून गावाच्या नावापुढे ‘रेल्वे’ जोडणाऱ्यांनी अनोळखी वाटसरूचा जसा विचार केला, तसाच विचार फाईल साठवणाऱ्याने तिच्या पुढच्या वाचकाचा करायला हवा.